मुंबई विद्यापीठ म्हणजे फक्त निकाल लावायचं खातं का?

मुंबई विद्यापीठाची बातमी कधी येते बघा. निकाल लांबला, पेपरात चूक झाली, हॉल तिकीट मिळालं नाही. तिथल्या एखाद्या संशोधनाची बातमी शेवटची कधी वाचली, आठवून सांगा. मला तरी आठवत नाही.

दोष आजच्या एकट्या कुलगुरूंचा नाही, दुखणं जुनं आहे. १८५७ मध्ये हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं. काम काय, तर कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. स्वतःचे विभाग यायला पुढे अर्धशतक उलटलं. पण आले तेव्हा काय झालं? १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला. तिथे घुर्ये सरांच्या हाताखाली इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई घडले. एका विभागाने देशाला अख्खं शास्त्र दिलं!

१९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याचं आपलं यूडीसीटी. देशाच्या केमिकल उद्योगाला त्याने माणसं पुरवली. २००८ मध्ये तो विद्यापीठातून बाहेर पडला, आज आयसीटी म्हणून दिमाखात उभा आहे. संशोधनात नाव काढलेली संस्था विद्यापीठाबाहेर जाऊनच मोठी होते, यातून काहीच शिकायचं नाही का?

आज मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं या एका विद्यापीठाच्या गळ्यात आहेत. २०१७ मध्ये ऑनलाइन पेपर तपासणीचा घाट घातला, निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना पदावरून काढावं लागलं. त्यानंतर माणसं बदलली, ओझं तेच राहिलं.

कोणी म्हणेल, नॅकची ए++ श्रेणी आहे की! आहे, आनंद आहे. पण श्रेणीने प्रयोगशाळा चालत नाही, त्याला कायमचे प्राध्यापक लागतात. तासिका तत्त्वावरच्या माणसाने शिकवायचं, पेपर तपासायचे आणि वर संशोधनही करायचं? कुठल्या तोंडाने मागता?

माझं म्हणणं सरळ आहे. परीक्षांचा कारभार वेगळ्या, स्वायत्त यंत्रणेकडे द्या. रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा. आणि रत्नागिरी, सावंतवाडीच्या उपकेंद्रांना नुसती पाटी नको, मासेमारी, खारफुटी, किनाऱ्याची धूप यांवर काम करणारे विभाग द्या. एवढा समुद्र दाराशी असताना विद्यापीठ उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत बसलंय.

राजाबाई टॉवरसमोर फोटो आपण सगळेच काढतो. आता मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारा: कलिन्यातल्या किती जागा भरल्या?