लिफ्ट देणारा नाव विचारत नव्हता

पुण्यात लिफ्ट मागायला फारसं धाडस लागत नसे. बस चुकली किंवा पाऊस आला की येणाऱ्या दुचाकीला हात करायचा आणि ‘पुढच्या चौकापर्यंत सोडता का?’ एवढंच विचारायचं. कॉलेजच्या दिवसांत कॅम्पातून कोंढव्याला मी असा कित्येकदा आलो. पेट्रोलचे पैसे कुणी मागितले नाहीत. नाव विचारलंच, तर उतरताना. (हेल्मेट दोघांनाही नसायचं, पण तो पुणेकरांचा वेगळा विषय आहे.)

आता तीच रिकामी सीट मोबाइलवर मिळते. ब्लाब्लाकार ही फ्रेंच कंपनी २०१५ मध्ये भारतात आली, तिच्यासारखी इतरही अ‍ॅप आली. मुंबईला, कोल्हापूरला, सोलापूरला निघालेला गाडीवाला वेळ आणि एका सीटचा खर्च आधीच टाकून ठेवतो. वाकडच्या पुलाजवळ उन्हात हात दाखवत उभं राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं. मीही वापरतो.

पण इथे क्रम उलटा झाला आहे. रस्त्यावर आधी अडलेला माणूस दिसायचा, नाव नंतर कळायचं. अ‍ॅपवर आधी नाव जातं, सोबत फोटो आणि तारे, मग गाडीवाला हो किंवा नाही ठरवतो. मला दोन-तीनदा ‘नाही’ आलं आणि त्याच गाडीतल्या सीट निघायच्या वेळेपर्यंत रिकाम्या दिसत राहिल्या. कारण कुणी सांगत नाही, त्यामुळे आरोपही करता येत नाही. सामान जास्त असेल, बेत बदलला असेल. तरी मनात शंका राहतेच. आमच्यात पाटील आहेत, देशमुख आहेत, इनामदार आहेत. पण प्रोफाइलवर पहिलंच नाव ठळक असेल तर आडनाव काय कामाचं? ‘समीर’ असेल तर नशीब.

ही शंका हवेतून आलेली नाही. एप्रिल २०१८ मध्ये लखनौच्या एका माणसाने चालक मुसलमान आहे म्हणून ओलाची टॅक्सी रद्द केली आणि ते ट्विटरवर अभिमानाने सांगितलं. कंपनीने आपण धर्मावरून भेद करत नाही असं उत्तर दिलं, ते योग्यच होतं. पण तो बोलला म्हणून कळलं. गुपचूप बटण दाबणाऱ्याचं काय?

म्हणून जुनी लिफ्टच बरी, असं मात्र मी म्हणणार नाही. एक तर टोपी, दाढी, बुरखा रस्त्यावरही दिसतोच. आणि मोठी गोष्ट म्हणजे, ‘हात केला की गाडी थांबते’ ही आठवण बहुतेक पुरुषांची आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये खराडीत काम संपवून घरी निघालेल्या एका संगणक अभियंता तरुणीला लिफ्टच्या बहाण्याने पळवून नेलं, तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. मे २०१७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. ज्या घरात मुली नोकरीला जातात, तिथे अनोळखी गाडीतल्या माणसाचं नाव, नंबर, ओळख कुठेतरी नोंदलेली असणं ही चैन नाही.

नोंद हवीच. माझा प्रश्न एवढाच आहे की ती कुणाला आणि केव्हा दिसावी? कंपनीने ओळखपत्र तपासावं, ‘तपासलेलं आहे’ एवढं दाखवावं, आणि सीट पक्की झाल्यावर दोघांना एकमेकांचं नाव कळावं. बायकांना फक्त बायकांसोबत जायचं असेल तर तो पर्याय राहू द्यावा. त्याला भीतीचं खरं कारण आहे. नावावरून गाळण्याला तसं कारण नाही.

जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते त्यांत इब्नुस्सबील, म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर आहे. आपल्यातल्या गाडीवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. समोरचं नाव पाहून बोट थबकण्याचा रोग एकाच समाजाला होतो असं नाही.

राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये खाजगी गाड्यांच्या अशा वापराला मनाई केली होती. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने अ‍ॅपवरच्या प्रवासाचं धोरण मंजूर केलं. त्याच्या नियमांत भाडं, विमा, परवाना सगळ्यावर बोललं जातं. नाव आधी दाखवायचं की नंतर, यावरही एक कलम घालायला काय हरकत आहे?