बांधापलीकडचा भाऊ

मंडळी, हुरड्याचे दिवस आले की मंगळवेढ्याकडची शिवारं कशी डोलतात! पण एकाच बापाचे दोन लेक बांधाच्या दोन बाजूंना वेगळ्या आगट्या पेटवून बसलेले दिसतात. थोरल्याला विहिरीकडचा तुकडा खुपतो, धाकट्याला आईची माया.

ख्रिस्ती घरांत अशा वेळी पवित्र शास्त्रातली याकोब-एसावाची गोष्ट काढतात. धाकट्या याकोबानं मसुरीच्या आमटीवर थोरलेपणाचा हक्क घेतला, पुढं आंधळ्या बापाला फसवून आशीर्वादही लाटला. (ते आईनंच शिकवलं, मायबहिणींनो!) मग पळाला. 20 वर्षं मामाची मेंढरं राखली. परतताना कळलं, एसाव 400 माणसं घेऊन येतोय. त्यानं 200 शेळ्या, 200 मेंढ्या, 40 गाई पुढं धाडल्या, रात्रभर देवाशी झुंजला आणि लंगडत जाऊन भावापुढं सात वेळा भुईपर्यंत वाकला. एसाव धावत आला, गळ्यात पडला. दोघंही रडले. जनावरं तो घेईना. फार आग्रह झाला तेव्हा घेतली.

येशूनंही सांगितलं, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर ते तिथंच ठेव, आधी भावाकडं जा.

तेव्हा मोजणीचा अर्ज देण्याआधी यंदा हुरड्याची पहिली पाटी बांधापलीकडं जाऊ द्या. पोरांच्या हाती नको, स्वतः न्या.