अर्थ लागत नाही!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे, तेव्हा आधीच माफी मागते. पण ही गोष्ट मराठीतच सांगायला हवी. का, ते शीर्षकावरून कळेलच.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे गेले होते. मामाकडे एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. मामी तिला 'सवत' म्हणते, एवढं पुरे. गाडी पळते झकास, पण डावा हेडलाईट मिणमिणता, आणि डावा इंडिकेटर दिला की हेडलाईटही त्याच्याबरोबर लुकलुकणार! मामा म्हणाला, "अगं, तू इलेक्ट्रिकलची ना? बघ की जरा!"

मी कॉलर ताठ करून गेले. आधी बल्ब बदलला. मग फ्यूज. मग ठणकावून सांगितलं, बॅटरी गेली. नवीन बॅटरी आली, मामाचे पाच हजार गेले, हेडलाईट तस्साच.

शेवटी जालना रोडवरच्या एका गॅरेजमधले चाचा आले. शिक्षण सातवी. बॉनेट उघडून त्यांनी एकच विचारलं, "बेटा, अर्थ देखे क्या?"

मी गप्प. त्यांनी हेडलाईट चालू ठेवला, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घेतला. एक प्रोब बल्बच्या अर्थच्या वायरवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. आपल्या पुस्तकात हे दोन्ही पॉईंट म्हणजे ग्राउंड, म्हणजे शून्य. मीटरवर आले जवळपास दोन व्होल्ट! अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसली होती, तिथे गंज चढला होता. चाचांनी तो पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कसला, वर व्हॅसलीन लावलं. दहा मिनिटांत लख्ख उजेड.

हिशोब तर फर्स्ट इयरचा आहे. 55 वॅटचा हेडलाईट 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. वाटेत अर्धा ओहम आला की दोनेक व्होल्ट तिथेच खर्च. गाडीत करंट बॅटरीकडे परत जातो तो लोखंडी बॉडीतून. इंडिकेटर आणि हेडलाईटची परतीची वाट एकच, ती गंजलेली, म्हणून दोघांचं भांडण. गोव्यात बनलेल्या 'सॅन स्टॉर्म'सारख्या फायबरग्लास बॉडीच्या स्पोर्ट्स कारमध्ये तर बॉडीतून करंट जातच नाही. तिथे परतीसाठी वेगळी वायर लागते, आणि लाईट बिघडला की आधी तीच तपासायची. आणि मीटर लावायचा तो लोड चालू असताना. लाईट बंद असेल तर करंट नाही, ड्रॉप नाही, आणि मीटर सांगणार 'ऑल इज वेल'.

मला हे सगळं येत होतं. व्हायव्हात ओहमचा नियम मी झोपेत सांगेन. मग पाच हजार का घालवले? कारण तीन वर्षांत मला कुणी बिघडलेलं सर्किट दिलंच नाही! आपल्या लॅबमध्ये सगळं आधीच जोडलेलं असतं. रीडिंग आलं नाही तर आपण ते मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'आणतो'. ग्राउंडचं चिन्ह काढलं की तिथे शून्य, विषय संपला. त्या चिन्हाखाली एक बोल्ट असतो आणि तो गंजतो, हे कुठल्याच युनिटमध्ये नाही.

आपलं संभाजीनगर म्हणजे गाड्यांचं गाव. वाळूजला 1985 पासून बजाज, शेंद्र्याला 2001 पासून स्कोडा. तिथे आपल्याला कुणी डेरिव्हेशन विचारणार नाही. लाईन बंद का पडली, ते विचारतील.

सिलॅबस युनिव्हर्सिटी ठरवते, मान्य. पण सर, मॅडम, एक विनंती. प्रत्येक टर्मच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला आम्ही यायच्या आधी एक वायर ढिली करून ठेवा. खर्च शून्य रुपये. जो फॉल्ट शोधेल त्याला मार्क द्या. आणि नाही सापडला तरी काय काय तपासलं ते लिहिणाऱ्यालाही द्या.

आणि होस्टेलवाल्यांनो, आपणही काही कमी नाही. कॉइलवर मॅगी करताना फ्यूज उडाला की आपण किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालतो. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो उडाला तर काहीतरी सांगतोय. जाड तार घातली की तो गप्प होतो, आणि मग भिंतीतली वायर जळते.

परवा मामाचा फोन आला होता. आता उजवा लाईट मिणमिणतोय. म्हणाला, "चाचांना बोलावू का?"

म्हटलं, "थांब. या वेळी आधी अर्थ बघते."