पेटी मुंबईला उतरते, पण तिथवर येते कशी?

12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि 45 भारतीय कामगार गेले. दोनच दिवसांत वायुदलाचे विमान मृतदेह घेऊन कोचीला उतरले. केरळचे मुख्यमंत्री विमानतळावर हजर होते, बाहेर रुग्णवाहिकांची रांग होती. मृतांमध्ये महाराष्ट्रातलाही एक जण होता. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांना आखाती देशांतला भारतीय मजूर दिसला.

पण आखातात बहुतेक मजूर असे एकत्र मरत नाहीत. एकेकटे मरतात. रात्री खोलीत झोपलेला सकाळी उठत नाही, आणि त्याच्यासाठी विमान पाठवले जात नाही.

मागच्या वर्षी परभणी जिल्ह्यातल्या आपल्या समाजातील एका कुटुंबासोबत आम्ही काम केले. मुलगा 29 वर्षांचा, आयटीआय झालेला वेल्डर, सौदी अरेबियात कामाला. आईवडील शेतमजूर. मरणाची बातमी कंपनीने नव्हे, खोलीतल्या उत्तर प्रदेशच्या सोबत्याने व्हॉट्सॲपवर दिली. मृतदेह घरी पोहोचला चौतिसाव्या दिवशी.

हे चौतीस दिवस कुठे गेले? पहिला आठवडा आम्हीच वाया घालवला, हे कबूल करायला हवे. आमदारांचे पत्र, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, असे आंदोलनाच्या सवयीने धावलो. खरे तर पहिल्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवून दूतावासाला पासपोर्ट क्रमांकासह मेल करायला हवा होता. गाडी हलली ती तिथूनच.

पुढे कागदांची साखळी लागते. रुग्णालयाचा आणि पोलिसांचा अहवाल, तिथला मृत्यूचा दाखला, कुटुंबाचे मुखत्यारपत्र, दूतावासात मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणे, ना हरकत प्रमाणपत्र, देश सोडण्याचा अंतिम परवाना, मृतदेह टिकावा म्हणून रासायनिक प्रक्रिया आणि तिचा दाखला, मग विमानाच्या कार्गोत जागा. यातल्या अर्ध्या पायऱ्यांवर मालकाची सही किंवा सहकार्य लागते. ज्या मालकाने हिशोब द्यायचा, त्याच्याच हातात मृतदेहाची किल्ली असते. आमच्याकडे आणखी एक अडचण आली. वडिलांचे नाव आधारवर एक आणि मुलाच्या पासपोर्टवर दुसरे. एका अक्षरापायी नोटरीकडे दुसऱ्यांदा जावे लागले आणि सहा दिवस गेले.

दुसऱ्या आठवड्यात एजंटाने एक कागद पाठवला. त्यावर लिहिले होते की मुलाचे सर्व येणे मिळाले असून कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही. सही करा, आठ दिवसांत बॉडी येते, असा निरोप. चार महिन्यांचा पगार थकलेला होता. आई म्हणाली, "मला पैसा नको, माझं लेकरू आणा." त्या माउलीला कायदा समजावून सांगायची आमची हिंमत झाली नाही. मात्र दूतावासाशी बोलल्यावर मार्ग निघाला. मृतदेह आणण्याची संमती एका कागदावर आणि थकीत रकमेचा अधिकार दुसऱ्या कागदावर दिला. एजंटाच्या कागदावर सही झाली नाही. यामुळे किती दिवस वाढले हे आम्ही आजही सांगू शकत नाही, आणि ते ओझे आमच्या मनावर आहे.

मध्येच कंपनीने तिथेच दफन करण्याचा पर्याय सुचवला. सौदीत दहन होत नाही. आपल्याकडे विहारात यावर चर्चा झाली. देह अनित्य आहे, मग कर्ज काढून पेटी कशाला आणायची, असे दोन ज्येष्ठांचे म्हणणे होते. आमचे मत वेगळे आहे. अनित्यतेचा विचार कुटुंबाने स्वतः केला तर तो धम्म. कंपनीचा खर्च वाचावा म्हणून तो आईच्या गळी उतरवणे हा धम्म नव्हे.

आता विम्याकडे बघा. प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यूला 10 लाखांचे संरक्षण आहे, मृतदेह आणण्याचा खर्चही त्यात येतो. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक कर. पण हा विमा सक्तीचा आहे तो ज्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठी सरकारी मंजुरीची अट असते त्यांनाच, आणि दहावी पास झालेल्याला ही अट लागत नाही. शिका, असे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. मुलगा शिकला, आयटीआय झाला आणि कागदावर 'संरक्षणाची गरज नसलेला' ठरला. काम मात्र तेच, उन्हात, मजुराचे. शिवाय विमा अपघाताचा. दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' लिहिले की विषय संपतो. 29 वर्षांच्या धडधाकट वेल्डरची हृदयक्रिया का बंद पडली, हे त्या दाखल्यात नसते.

दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. मालक खर्च करत नसेल आणि कुटुंब गरीब असेल तर मृतदेह पाठवण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. हे एजंट सांगत नाही. मागावे लागते, लेखी.

पेटी मुंबईत सहारच्या कार्गोला उतरली आणि सरकारचे काम संपले. पुढचे पाचशे किलोमीटर कोणाचे? केरळात नोर्का ही सरकारी यंत्रणा विमानतळावरून घरापर्यंत मोफत रुग्णवाहिका देते. तेलंगणाने 2024 मध्ये आखातात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला 5 लाखांची मदत जाहीर केली. आम्ही ज्या ज्या कार्यालयात विचारले, तिथे आम्हाला अशी काही योजना सांगितली गेली नाही. रुग्णवाहिकेचे भाडे मुंबईतल्या आणि गावातल्या पोरांनी गोळा केले. तिसऱ्या प्रहरी गाडी गावात आली. पेटी उघडायची की नाही यावर थोडा वेळ गेला, शेवटी चेहरा आईला दाखवला. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिले आणि अंत्यसंस्कार झाले.

जलदान विधीनंतर ग्रामसेवकाकडे गेलो तर ते म्हणाले, मृत्यू आमच्या हद्दीत झाला नाही, दाखला कसा देऊ? त्यांचे बरोबर होते. दाखला दूतावासाचा लागतो. त्याची एकच मूळ प्रत पेटीसोबत आली होती. तीच बँकेत, तीच वारस प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात. एकापेक्षा जास्त मूळ प्रती मागून घ्याव्यात, हे आम्हाला तेव्हा कळले.

त्यानंतर आम्ही विहारात एक वही ठेवली आहे. जो बाहेर जातो त्याच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची प्रत, कंपनीचे नाव-पत्ता, सोबत्याचा फोन नंबर. आईवडिलांच्या नावाचे स्पेलिंग जाण्याआधीच जुळवून घ्यायचे. मंजुरीची अट नसली तरी विमा स्वतःहून काढायचा.

वहीत आतापर्यंत अकरा नावे आहेत. गेल्या रविवारी बारावा मुलगा आला, तो भेटीच्या व्हिसावर निघालाय. एजंटाने दीड लाख घेतले आहेत, कायद्याने मर्यादा 30 हजार अधिक जीएसटी. या व्हिसावर काम करताना काही झाले तर कंपनी ओळखही दाखवणार नाही, असे आम्ही त्याला सांगितले. तो म्हणाला, "दादा, पैसे व्याजाने काढलेत, आता न जाऊन कसं चालेल?" त्याचे नाव आम्ही वहीत लिहून घेतले. कंपनीचा रकाना रिकामा आहे.

परभणीच्या त्या मुलाचा चार महिन्यांचा पगार अजून आलेला नाही.