जगायचे कशासाठी? उत्तर नायगावात दिले गेले आहे!

आयुष्याचा अर्थ काय, हा प्रश्न हल्ली मोबाईलवर फार स्वस्त झाला आहे. पहाटे पाचला उठा, ध्यान करा, स्वतःचा शोध घ्या, अर्थ सापडेल! सांगणारे बाबा-बापू असोत की कोट घातलेले वक्ते, त्यांच्या मते शोध घेणारा माणूस एकटा असतो. त्याला ना जात, ना मुकादम, ना घरभाड्याची चिंता. आम्हाला हे मान्य नाही.

31 मे 1936 रोजी मुंबई इलाखा महार परिषदेत बाबासाहेब बोलले ते आमच्या याच नायगावात. 'मुक्ती कोन पथे?' या नावाने ते भाषण आपल्या घराघरात आहे. ज्या समाजापुढे ते बोलले त्यातले कितीतरी लोक गिरण्यांत राबत होते. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता.

म्हणजे या माणसांच्या जगण्याचा हेतू दुसऱ्यांनीच ठरवून ठेवला होता. मनूने तो लिहिला, कर्मसिद्धांताने मागच्या जन्मावर ढकलला आणि वाफेच्या यंत्रालाही तो मोडता आला नाही. अशा माणसाला 'स्वतःचा शोध घे' म्हणणे ही थट्टा नव्हे काय?

बाबासाहेबांनी उलट धर्मालाच जाब विचारला: तू माणसासाठी, की माणूस तुझ्यासाठी? मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ यांतले आपल्याकडे काय आहे, याचा रोखठोक हिशेब मांडला. (अध्यात्म ऐकायला आलेल्याला तो रुक्षच वाटला असता.) शेवटी बुद्धाने आनंदाला केलेला, स्वतःच स्वतःचा दिवा होण्याचा उपदेश सांगितला. आधी हिशेब, मग दिवा. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आमचेच काही शिकलेले मित्र म्हणतात, बुद्धानेही एकट्यानेच घर सोडले ना? त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडावा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ निघाला, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय रोहिणी नदीच्या पाण्यावरून लढायला उठले, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावे लागले. पाण्याचा प्रश्न! महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता आमच्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर होत आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीबदली 500 चौरस फुटांचे घर. याचा आम्हाला आनंदच आहे, कुणी नाक मुरडू नये. पण स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला, कंत्राटी नोकरीत भरडलेला पोरगा 'मी जगतो कशाला?' म्हणतो, तेव्हा आपण त्याला काय देतो? ध्यानाचा व्हिडिओ पुढे पाठवतो. चाळीत निदान दार उघडे असायचे, दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी डोकवायचे. बंद दारांच्या मजल्यावर त्याच्याकडे कोण जाणार?

नव्या सोसायटीच्या पहिल्या सभेत पार्किंगवरून दोन तास भांडण होईलच. त्याच सभेत आम्ही अभ्यासिकेसाठी खोली मागणार आहोत. संध्याकाळी सात ते नऊ शिकवायला कोण बसणार, त्यांची नावेही तिथेच लिहून घेऊ. आमची नावे आधी लिहा.