ऑस्ट्रेलियातले वणवे आणि कामावर गेलेली आपली मुलं

आपल्याकडे वणवा म्हटलं की डोंगर आणि वनखातं आठवतं. ऑस्ट्रेलियात मात्र तो मालक आणि कामगार यांच्यातलाही प्रश्न आहे. शिकायला तिकडे गेलेली आपली काही मुलं फीचा भार हलका करायला शेतावर, गोदामात राबतात. म्हणून घरच्यांनीही तो समजून घ्यायला हवा.

7 फेब्रुवारी 2009 ला व्हिक्टोरिया राज्यात भडकलेल्या वणव्यांत 173 जीव गेले. त्या दिवशी मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर होता. त्यानंतर धोक्याच्या इशाऱ्यात 'कॅटास्ट्रॉफिक' ही सगळ्यात वरची पायरी आली. तो इशारा असेल, तर वणव्याच्या पट्ट्यातून आधीच निघून जायचं. अशा दिवशी तिथे शिफ्ट लावणाऱ्या मालकाला काय म्हणावं?

पण आग दूर असली तरी धूर येतोच. 2019-20 च्या उन्हाळ्यात सिडनी आणि कॅनबेरा धुराने झाकोळले. डिसेंबर 2019 मध्ये सिडनीच्या पोर्ट बॉटनी बंदरातल्या कामगारांनी धुरामुळे काम थांबवलं. त्यांच्या पाठीशी युनियन होती, आणि कायदाही. तिथल्या बहुतेक राज्यांत लागू असलेल्या कायद्याप्रमाणे गंभीर धोका समोर असेल तर कामगार काम थांबवू शकतो. मालकाला लगेच कळवायचं आणि सुरक्षित असं दुसरं काम दिलं तर करायचं. हा हक कंत्राटी आणि रोजंदारीवाल्यांनाही आहे. अडचण अशी की शिफ्ट जाईल, व्हिसावर काही येईल, या भीतीने परका मुलगा तोंड उघडत नाही.

आता एक बाब खास आपल्यासाठी. धुराचे बारीक कण साध्या सर्जिकल मास्कने अडत नाहीत. 'पी2' मास्क लागतो, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. दाढीवर तो बसत नाही, कडेने धूर आत शिरतो. म्हणजे मास्क लावूनही मुलगा धूरच ओढणार! दाढी काढायची का? आधी मालकाकडे दुसरा मार्ग मागावा: आतलं काम द्या, नाहीतर पंख्याने गाळलेली हवा देणारं, डोक्यावरून घ्यायचं सैल हूड द्या. अशी साधनं बाजारात आहेत, आणि कामगाराला नीट बसेल असं साधन पुरवणं ही मालकाचीच जबाबदारी आहे.

शिवाय येती काही वर्षं रमजान तिथल्या उन्हाळ्यातच येतोय. धूर, उकाडा आणि रोजा एकत्र. शिफ्टची वेळ सकाळची करून घेता येते का, हे मुलाने रमजानच्या आधीच बोलून ठेवावं.