माईक कोणता, यापेक्षा माईक कुठे?

संगीताच्या कार्यक्रमासाठी चार पैसे हाती आले की आपल्याकडे प्रथम यादी निघते ती यंत्रांची. कोणता माईक घ्यावा यावर तासभर वाद रंगतो. तो ठेवावा कुठे, यावर कोणी दोन मिनिटेही बोलत नाही. माझे स्पष्ट मत असे की, ध्वनिमुद्रणात किमतीपेक्षा जागेला मोल अधिक. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

आमच्या सुरतेचेच पाहा. लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कापडधंद्यात राबणाऱ्या या घरांतील मुले गणेशोत्सवात आणि नवरात्राच्या नऊ रात्री हौसेने वाजवतात. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि जोडीला एखादी गिटार. मुद्रणाच्या वेळी सोय म्हणून गिटारची वायर सरळ मिक्सरमध्ये खोचली जाते आणि समोर बसून ऐकलेली गिटार मुद्रणात सापडत नाही. सापडते ती भुंग्यांची कर्कश गुणगुण!

असे का व्हावे? गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर हा केवळ आवाज वाढवणारा डबा नव्हे, तो वाद्याचाच अर्धा भाग आहे. त्याचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर पडू देत नाही. आपल्याला आवडणारा भरदार नाद या गाळणीतून येतो. ती टाळली की उरतो तो चरचराट. म्हणून माईक स्पीकरसमोर हवा.

त्यासाठी फार महाग माईक लागत नाही. शुअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासूनचा साधा डायनॅमिक माईक आजही जगभर याच कामाला वापरतात. तो मोठा आवाज सोसतो आणि त्याला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर माईक अधिक बारकावे टिपतो खरा, पण त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो आणि मंडपातला गोंगाटही तो तितक्याच निष्ठेने टिपतो. रिबन माईकचा नाद मऊ, पण प्रकृती नाजूक.

आता जागा. जाळीतून बॅटरीचा उजेड टाकून स्पीकरचा मध्य शोधावा. मध्यासमोर आवाज तीक्ष्ण येतो. कडेकडे सरकावे तसा तो मवाळ होतो. माईक जाळीला अगदी चिकटवला तर खर्ज फुगतो. हातभर मागे नेला तर खोलीही बोलू लागते. एकाने वाजवावे, दुसऱ्याने माईक बोटाबोटाने सरकवावा, तिसऱ्याने दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून ऐकावे. शेजारी यंत्रमाग खडखडत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचे तोंड त्या दिशेला करावे. विचित्र वाटेल, पण त्यामुळे माईकची पाठ गोंगाटाकडे होते, आणि असे माईक पाठीमागचे कमीत कमी ऐकतात.

दोन माईक म्हणजे दुप्पट चांगले, हाही एक भ्रमच. एक माईक दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर मागे असेल तर ध्वनी त्याच्यापर्यंत सुमारे एक सहस्रांश सेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही आवाज मिसळले की काही सूर एकमेकांना मारतात आणि गिटार पोकळ वाटते.

कोणी म्हणेल, आता मोबाइलमध्येच अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल मिळते, मग हा खटाटोप कशाला? नक्कल उपयोगी आहे, हे मान्य. पण अशा अनेक नकला खऱ्या स्पीकरसमोर माईक ठेवून घेतलेल्या मुद्रणांवरूनच बनतात. म्हणजे कोणीतरी आपल्या कानांनी जागा निवडली आणि आपण त्याचे कान उसने घेतले. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा माईक नव्हताच, होता तो कर्णा. त्याच्या किती जवळ उभे राहावे, हेच तेव्हाचे तंत्र!

वर्षभर कारखान्यात राबून वाजवणाऱ्या मुलाजवळ त्या रात्रीची आठवण म्हणून ते मुद्रणच उरते. त्यात त्याची गिटार त्याचीच वाटली पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच: पुढच्या स्नेहसंमेलनापूर्वी एक संध्याकाळ, एक माईक आणि एक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन बसा. आणि प्राध्यापकहो, त्या संध्याकाळी प्रयोगशाळेची एक खोली तेवढी उघडी ठेवा. पदार्थविज्ञानाचा याहून रसाळ तास क्वचितच होईल.